देवकीचा दाखला

दुभाषी बाईनं इंग्रजीत सांगायच्या आधीच मला कळलं होतं की काम अडलं. टेबलापलीकडच्या निबंधक बाईंनी पासपोर्ट डाव्या हाताला ठेवला, जन्मदाखला उजव्या हाताला ठेवला, नावाच्या ओळीखाली लाकडी पट्टी धरली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकतीस वर्षं मीही नेमकं असंच करत आलो होतो. चष्मा निघाला की समोरच्या माणसानं समजून घरी जायचं.

“नावं जुळत नाहीत, असं म्हणतायत त्या,” यासना म्हणाली. यासना आमची दुभाषी. “पासपोर्टवर ऋजुता आहे. दाखल्यावर देवकी. ही देवकी कोण?”

सिगुर्दनं ऋजुताकडे पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

ही गोष्ट मार्च २०२१ मधली, सर्बिया देशातल्या नोवी साद शहरातली. विवाह नोंदणीच्या कचेरीत मी माझ्या मुलीच्या लग्नाचा साक्षीदार म्हणून बसलो होतो. शेजारी ऋजुता, इरकली साडीवर पुरुषी जाडजूड कोट चढवलेली. तिच्या पलीकडे त्या कोटाचा मालक, म्हणजे नवरदेव सिगुर्द. दुसरे साक्षीदार आम्ही उतरलो होतो तिथले घरमालक, ते कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत होते. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. नवरीचे डोळे तेवढे दिसत होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांनी लग्न लावायला सर्बियात का जावं, हे मला आजही लोकांना समजावून सांगावं लागतं. ऋजुता नॉर्वेत शिकायला गेली आणि माशांची डॉक्टर झाली. ज्या घरात कांद्यालाही चातुर्मास पाळावा लागतो, त्या घरातली मुलगी माशांच्या घशात बोट घालून रोग शोधते, हे आम्ही कसंबसं पचवलं होतं. तिथंच तिला सिगुर्द भेटला. फेरीबोटीवरची इंजिनं सांभाळायचा. तीन वर्षांची ओळख, त्यातलं दीड वर्ष एकाच घरात. जानेवारी २०२० मध्ये ती चुलतभावाच्या लग्नाला आणि व्हिसाच्या कामाला म्हणून गावी आली, आणि मार्चमध्ये सगळं जग कुलूपबंद झालं. व्हिसा संपला. भारत त्याला आत घेईना, नॉर्वे तिला आत घेईना. त्या वेळच्या नियमानं नॉर्वेत नवऱ्याकडे बायको जाऊ शकत होती. नुसती एकत्र राहणारी माणसं सरकारच्या खिजगणतीत नव्हती. खरं सांगतो, जुना कारकून म्हणून मला त्या नियमात काडीची चूक दिसली नाही.

चौदा महिने दोघं मोबाइलच्या पडद्यावर एकत्र जेवत होती. तिचं रात्रीचं, त्याचं दुपारचं. मग ऋजुतानं हा देश शोधून काढला. भारतीयाला व्हिसा नको, नॉर्वेच्या माणसाला नको, आणि परदेशी माणसांची लग्नंही तिथं लागतात. विमानं कोणती चालू आहेत, चाचणी किती तासांतली हवी, कागद कोणते लागतील, सगळं तिनं एकटीनं काढलं. माझी बायको शैलजा नकाशावर भिंग धरून सर्बिया शोधत बसली होती. तिचा रक्तदाब आणि गुडघे, दोन्ही विमानात बसण्याजोगे नव्हते. ती म्हणाली, “घरचं एक तरी माणूस उभं पाहिजे मुलीमागे.”

घरात दुसरं माणूस मीच होतो. आणि मला हे लग्न नको होतं.

का नको होतं, याची कारणं मी तेव्हा भरपूर सांगायचो. परका माणूस, परकी भाषा, इंजिनातलं ग्रीस. खरं कारण एकच होतं. ती गेली की जाणार होती, आणि या वेळचं जाणं सुट्टीला परत येण्यासारखं नव्हतं. वर्षभर मी तिच्याशी त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. ती रोज सकाळी चहा आणून द्यायची, पेपर वाचून दाखवायची, जगात कुठली दारं बंद झाली, कुठली उघडली ते सांगायची. मी फक्त हवामानावर बोलायचो.

आता दाखल्याबद्दल. मी आमच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीला होतो, पुढे हेडक्लार्क झालो. गावातल्या निम्म्या लोकांची नावं माझ्या अक्षरात आहेत. ऋजुता झाली तेव्हा पत्रिकेत ‘दे’ अक्षर आलं आणि माझ्या आईनं देवकी नाव धरून ठेवलं. शैलजाला ते मुळीच पटेना. “देवकीचं बाळ दुसऱ्याच्या घरी वाढलं, आणि हे नाव माझ्या मुलीला?” असं म्हणून ती माहेरी बसली. मी आईचा शब्द मोडवेना म्हणून रजिस्टरला देवकी लिहिलं आणि बायकोचा मोडवेना म्हणून बारशाला ऋजुता ठेवलं. शाळेत ऋजुता लागलं आणि पुढचे सगळे कागद शाळेच्या दाखल्यावरून निघाले. रजिस्टरमध्ये शेऱ्याचा रकाना असतो. मूळ नोंद तशीच ठेवून त्यात दुरुस्ती लिहायची, सही करायची, झालं. पाच मिनिटांचं काम. आईच्या जिवंतपणी केलं नाही, आणि ती गेल्यावर तर हात धजावला नाही.

जानेवारीत ऋजुता फाईल घेऊन माझ्यासमोर बसली होती. तिनं दाखला काढून पुढे केला.

“बाबा, हा चालेल ना? की दुरुस्त करून घेऊ? तुम्ही सांगाल तसं.”

मी चष्मा लावला. दाखला वाचला. अशा दाखल्यावर मी किती माणसांना परत पाठवलं असेल याचा हिशोब नाही. एकदा तर एका म्हाताऱ्या गुरुजींना तीन खेपा घालायला लावल्या होत्या.

“न चालायला काय झालं?” मी म्हणालो.

“नक्की?”

“एकतीस वर्षं हेच केलंय मी.”

तिनं मान हलवली आणि दाखला परत फाईलमध्ये ठेवला. साक्षीदार म्हणून येतो असंही मी त्याच दिवशी सांगितलं. शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं होतं, एवढ्या लांब जाऊन काम फिसकटलं की आपोआप सगळं निवळेल. मला वाईटपणा घ्यावा लागणार नाही. माझ्या मुलीला मी असं फसवलं होतं, आणि दोन महिने नीट झोपत होतो.

तर आता निबंधक बाईंचा चष्मा टेबलावर होता. त्या बराच वेळ बोलल्या. आवाज चढा नव्हता, घरच्यासारखा होता. नकार असाच द्यायचा असतो. तेवढ्यातही मला त्यांचं कौतुक वाटलं.

“भारतातून दुरुस्त दाखला मागवा,” यासनानं सांगितलं. “तो आला की दुसऱ्या दिवशी लग्न लावून देऊ म्हणतायत.”

“किती दिवस लागतील?” सिगुर्दनं मला विचारलं. त्याच्या लेखी मी तज्ज्ञ होतो.

“सध्याच्या दिवसांत? महिना. दीड महिनाही.”

हे मात्र खरं होतं. सिगुर्दची रजा रविवारी संपत होती. ऋजुताला त्या देशात जेमतेम तीस दिवस राहता येणार होतं. इकडे महाराष्ट्रात आकडे पुन्हा चढायला लागले होते आणि रोज कुठला ना कुठला देश दार लावून घेत होता. आज शुक्रवार. आज नाही झालं तर ही दोघं पुन्हा कधी समोरासमोर बसतील, हे कुणालाच सांगता आलं नसतं. सिगुर्दनं टायची गाठ सैल केली. एवढा सहा फुटी माणूस, पण खुर्चीत मावेनासा व्हायच्या ऐवजी लहान झाल्यासारखा दिसला.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. “कचेरी एकला बंद होते,” यासना हळूच म्हणाली.

निबंधक बाईंनी चष्मा पुन्हा लावला. दाखला उचलला आणि पट्टी एक ओळ खाली सरकवली. मी आपला बघत राहिलो. मी कधी पट्टी खाली सरकवली नव्हती. एक चूक सापडली की माझं काम संपायचं.

त्या काहीतरी म्हणाल्या आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

“वडिलांचं नाव दोन्हीकडे एकच आहे,” यासना म्हणाली. “मनोहर तडवळकर. हे तुम्हीच ना? तुम्ही शेजारच्या नोटरीसमोर शपथेवर निवेदन दिलंत तर त्या ते दाखल्याला जोडून घेतील. त्यांचा प्रश्न एवढाच आहे. दाखल्यातली मुलगी हीच का?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. घरमालकसुद्धा जागे झाले.

‘नक्की सांगता येत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नाही तर ‘आमच्या कायद्यात असं बसत नाही’. नियमाच्या नावाखाली माणसाला केवढं लपता येतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी समोरच्या शिक्क्यांच्या स्टँडकडे बघत बसलो.

“सर,” सिगुर्द म्हणाला आणि पुढे झुकला.

ऋजुतानं त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याच्या भाषेत दोन शब्द बोलली. तो मागे टेकला. मग ती यासनाकडे वळून इंग्रजीत म्हणाली, “त्यांना घाई करू नका. माझे वडील खात्री झाल्याशिवाय कधीच सही करत नाहीत.”

यात टोमणा असता तर मी तगून गेलो असतो. तिचा आवाज अगदी साधा होता. आपल्या बापाबद्दल परक्या माणसांना चांगलं सांगताना मुलीचा असतो तसा. चौदा महिने वाट बघितलेली मुलगी, हाताशी आलेलं लग्न निसटत होतं, आणि ती तिथं माझी अब्रू सांभाळत बसली होती. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, तिचे डोळे बघून मला लाज वाटू नये म्हणून.

मी उठून उभा राहिलो. साहेब आले की उभं राहायचं, तसा.

“लिहून घ्या,” मी यासनाला म्हणालो. “ही नोंद मी केली. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. देवकी माझ्या आईनं ठेवलेलं नाव आणि ऋजुता आम्ही हाक मारायचं. मुलगी एकच. मला एकच मुलगी आहे.”

यासना भराभर लिहीत होती.

“आणि पुढे हेही लिहा. हा दाखला चालणार नाही हे मला माहीत होतं. तिनं मला विचारलं होतं. मी तिला चालेल म्हणून सांगितलं.”

यासनाचं पेन थांबलं. तिनं आधी माझ्याकडे, मग ऋजुताकडे पाहिलं.

“हे लिहायची गरज नाही,” ती म्हणाली.

“मग त्यांना नुसतं सांगा.”

तिनं सांगितलं. निबंधक बाईंनी ऐकून घेतलं. मग मला एक प्रश्न विचारला, आणि मास्कमागे त्या हसतायत असं त्यांच्या डोळ्यांवरून वाटलं.

“इतकी वर्षं कचेरीत होतात, तर आपल्याच मुलीची नोंद दुरुस्त का नाही केलीत, असं विचारतायत.”

“दुसऱ्यांच्या चुका काढण्यात वेळ गेला म्हणावं.”

त्या खळखळून हसल्या. मी ऋजुताकडे बघायचं धाडस केलं. ती साडीचा पदर कोटाच्या आत नीट खोचत होती. “चला बाबा,” ती म्हणाली, “नोटरीकडे जाऊन येऊ. जिना निसरडा आहे, कठडा धरा.”

एवढंच. मी काय कबूल केलंय ते तिनं ऐकलं होतं. पण त्यावर ती ना रागावली, ना तिनं गळ्यात पडून तमाशा केला. मला त्या जिन्यावर पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी माझ्यापेक्षा मोठ्या मनाची निपजली आहे, आणि त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही.

पावणेएकला लग्न लागलं. निबंधक बाईंनी खांद्यावरून राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पट्टा घेतला आणि दोघांना एकेक प्रश्न विचारला. सिगुर्दनं उत्तर इतक्या मोठ्यानं दिलं की बाहेरच्या बाकावरच्या बाईनं दारातून डोकावून पाहिलं. बाईंनी मास्क काढायची परवानगी दिली तेव्हा तो रडत होता. इंजिनवाल्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. त्यानं वाकून मला नमस्कार केला. तो कुणी शिकवला होता ते सांगायला नको. वाकता वाकता त्याचं डोकं टेबलाच्या कडेला लागलं आणि मी नकळत “अरे, हळू” म्हणालो. जावयाशी बोललेला माझा पहिला मराठी शब्द तो. मी साक्षीदाराची सही केली. मराठीत केली, पूर्ण नाव लिहून.

निघताना निबंधक बाईंनी मला हात जोडले. मीही जोडले. त्यांना काही सांगावंसं वाटत होतं, पण तोवर यासना पायऱ्या उतरून गेली होती.

बाहेर ऊन पडलं होतं, पण थंडी होतीच. चौकातल्या एका खानावळीनं फुटपाथवर टेबलं मांडली होती. सिगुर्द आत काय मागवावं ते बघायला गेला. ऋजुता बाहेर टेबलाशी बसली आणि मी चार पावलं लांब जाऊन शैलजाला फोन लावला. आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले होते.

“झालं,” मी म्हणालो. “लागलं लग्न. छान झालं.”

तिकडून बराच वेळ नुसता हुंदका. मग नाक ओढून ती म्हणाली, “मला तर धडकीच भरली होती. माझा कागद चालला ना पण?”

“कुठला कागद?”

“अहो, असं काय करता? माझं प्रतिज्ञापत्र. देवकी आणि ऋजुता एकच म्हणून. जानेवारीतच वकिलाकडे नेऊन करवून घेतलं तिनं माझ्याकडून. मंत्रालयाचा शिक्कासुद्धा आणला मुंबईहून. तुम्हाला दाखवलं नाही तिनं?”

मी वळून ऋजुताकडे पाहिलं. ती हातातला लग्नाचा दाखला वाचत होती. आपलं नाव बरोबर आहे का, ते बोटानं तपासत होती.

“काय हो? ऐकू येतंय ना? चालला का?”

“चालला,” मी म्हणालो. “तुझ्याच कागदानं काम झालं.”

फोन ठेवला आणि टेबलाशी येऊन बसलो. ती वर बघेपर्यंत थांबलो.

“आई काय म्हणाली?”

“तिचा कागद चालला का, म्हणून विचारत होती.”

ऋजुतानं दाखल्याची घडी घातली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं.

“तुम्ही काय सांगितलंत?”

“चालला म्हणून सांगितलं.”

“बरं केलंत.”

“जानेवारीपासून तुला माहीत होतं? मी खोटं बोललो ते?”

“बाबा, लहानपणापासून तुम्हाला कागद बघताना पाहिलंय मी. तुम्ही चष्मा लावून दाखला एकदाच वाचलात. तुम्ही कधी एकदा वाचून ‘चालेल’ म्हणता का?”

“मग तो कागद जानेवारीतच का नाही दाखवलास? मघाशी का नाही काढलास?”

“काढला असता तर लग्न झालं असतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही नुसते शेजारी बसून परत गेला असतात. आणि मग जन्मभर आपण हवामानावर बोललो असतो.”

मला रडू आलं. भर चौकात, परक्या देशात, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस ढसाढसा रडत होता. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

“आणि मी बोललोच नसतो तर?” मी विचारलं. “किती वेळ थांबणार होतीस?”

“साडेबारापर्यंत,” ऋजुता म्हणाली. “पुढचा अर्धा तास आईच्या कागदासाठी धरून ठेवला होता. आधीचा सगळा तुमचा होता.”